मन्याडकाठची लाल गाय

गेल्या वर्षी भूगोलाच्या तासाला सरांनी फळ्यावर दक्षिण अमेरिकेचा नकाशा काढला. ओरिनोको नदीच्या डाव्या अंगाला खडूने आडव्या रेघा मारल्या आणि त्यांवर ‘लानोस’ असे लिहिले. व्हेनेझुएला आणि कोलंबिया या दोन देशांत पसरलेली ही उष्ण प्रदेशातली सपाट गवताळ मैदाने. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तेथे गुरे नेली आणि तेव्हापासून गुरे पाळणे हाच त्या मुलखाचा मुख्य धंदा झाला. पावसाळ्यात नद्या पात्र सोडून माळावर पसरतात, तेव्हा गुरे उंचवट्यांवर हाकावी लागतात; कोरड्या दिवसांत तोच माळ करपतो आणि गुरे पाण्याच्या मागे नदीकडे येतात. आपुरे नदीच्या काठी सान फर्नांदो नावाचे एक गाव आहे, ते या गुरांच्या मुलखाचे ठाणे. हे सारे सांगून सरांनी विचारले, “आपल्या भागात असे गाव कोणते सांगता येईल? नदीकाठचे, आडबाजूचे आणि गुरांमुळे नाव मिळालेले?”

वर्गात कोणी बोलले नाही. माझ्या ओठांवर ‘कंधार’ आले होते. पण कंधार तालुका म्हणजे माझ्या आईचे माहेर. आईच्या माहेराचे नाव भूगोलाच्या तासाला उत्तर म्हणून देता येते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. मी गप्प बसले. ते उत्तर या लेखातून देत आहे. मात्र ते देताना असे लक्षात आले की माझे उत्तर अर्धेच बरोबर होते.

मला कंधारला नीट पाहायला लावले ते आमच्या घरातल्या एका प्रश्नाने. आमच्या दावणीला एक लाल गाय आहे. तिची आजी आईच्या लग्नात आंदण म्हणून आली होती. दोन वर्षांपूर्वी बाबांनी बैलजोडी विकली. तेव्हापासून दावणीला ही एकटीच. वासराचे सोडून दिवसाला दीड-दोन लिटर दूध देते. शेजारची काळी-पांढरी संकरित गाय दहा-बारा लिटर देते. कडबा विकत आणावा लागतो. दिवाळीच्या आधी बाबा आईला म्हणाले, “भाऊबीजेला चाललीस तर दादाला विचार, गाय परत नेतो का. विकण्यापेक्षा ते बरे.” आई काही बोलली नाही. आंदणाची गाय परत पाठवणे म्हणजे काय, हे आमच्याकडच्या वाचकांना मी सांगायला नको. गाय नको असण्याइतकी कशी काय झाली, ही गाय मुळात आहे तरी कोण, एवढे तरी समजून घ्यावे म्हणून या दिवाळीत मी आईबरोबर गेले आणि वही घेऊन गेले.

आमचे गाव वारंगा फाटा. अकोल्याहून हिंगोलीमार्गे नांदेडकडे जाणारा आणि तुळजापूरहून यवतमाळ-वर्ध्याकडे जाणारा, असे दोन मोठे रस्ते आमच्या दारात भेटतात. येथे सगळे थांबतात, खिचडी खातात आणि निघून जातात. कंधारचे नेमके उलटे आहे. तेथे वाटेत म्हणून कोणी थांबत नाही. जायचे असेल तरच जावे लागते. डोंगरकडा, अर्धापूर करीत एस. टी. नांदेडला पोचली. अर्धापूरच्या केळीच्या बागा मागे पडल्या, नांदेडला गोदावरी ओलांडली, गाडी बदलली आणि पुढे पन्नासेक किलोमीटर बालाघाटच्या पायथ्याचा चढउतार लागला. कंधारला रेल्वे नाही. माळ, त्यावर बाभळी, मधूनच तांडा, खाली काळ्या रानाची पट्टी आणि त्या पट्टीतून वाहणारी मन्याड.

मन्याड मोठी नदी नव्हे. बालाघाटातून येते, मांजरेला मिळते आणि मांजरेबरोबर गोदावरीत जाते. तिच्यावर लिंबोटी आणि बारूळ अशी दोन धरणे आहेत. पण नदीचे नाव माणसांना चिकटलेले मी येथे पाहिले. शेतकरी कामगार पक्षाचे नेते केशवराव धोंडगे अनेक वेळा आमदार आणि १९७७ साली खासदार झाले, १ जानेवारी २०२३ रोजी शंभरी ओलांडून वारले. त्यांना अजून सगळे ‘मन्याडचा वाघ’ म्हणतात. आमच्या कयाधूच्या नावाचा वाघ मी अद्याप ऐकलेला नाही.

गावात शिरल्यावर पहिल्यांदा किल्ला पाहिला. भुईकोट किल्ला, भोवती रुंद खंदक. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण (इ. स. ९३९ ते ९६७) याच्याकडे त्याची उभारणी दिली जाते. नंतर बहमनी, निजामशाही असे करीत १६३१ साली तो मोगलांकडे गेला. गावात हाजी सय्याह यांचा जुना दर्गा आहे. परंतु मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते गावाजवळचे तळे. त्याचे नाव ‘जगत्तुंग समुद्र’. राष्ट्रकूट काळातल्या शिलालेखात हे नाव आले आहे. म्हणजे हजार वर्षांपूर्वी येथे कोणी तरी पाणी अडवले आणि तळ्याला समुद्र म्हटले. ज्या मुलखात पाऊस चार महिने येतो आणि कधी कधी येतही नाही, तेथे तळ्याला समुद्र म्हणणे ही अतिशयोक्ती नव्हे. येथेच एका प्रचंड क्षेत्रपालाच्या मूर्तीचे अवशेष सापडले. क्षेत्रपाल म्हणजे रानाचा राखणदार. नुसते पाऊल पाहूनच मूर्ती केवढी असेल असे मनात येते.

लाल कंधारी गुरांची पैदास चौथ्या शतकातल्या सोमदेवराय नावाच्या राजाने सुरू केली असे सांगतात. पुस्तकांतूनही तसे छापलेले असते. मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही, पण राजापेक्षा मला हे तळे अधिक खरे वाटते. पाणी, काळी जमीन आणि ती नांगरायला ताकदीचा बैल, या तीन गोष्टी एकत्र आल्या की राजा नसला तरी गुरांची एक जात घडत जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी मला गोठ्यात नेले. मामा चौथीपर्यंत शिकलेले. वही पाहून हसले आणि म्हणाले, “लिही माय, आम्हाला कोणी विचारलं न्हाई आजवर.” पुढचे बरेचसे त्यांचे आहे.

लाल कंधारी ओळखायची ती रंगावरून. गडद, लाखेसारखा लाल. म्हणून जुनी माणसे तिला ‘लाखलबुंदा’ही म्हणतात. वळू गाईपेक्षा अधिक काळसर लाल असतो. डोळ्यांभोवती काळे वलय, जणू काजळ. कान लांब आणि टोकाशी खाली झुकलेले, शिंगे सारखी वळलेली, वशिंड भरदार, गळ्याची पोळी सैल. वशिंड आणि सैल कातडे ही नुसती शोभा नव्हे. आपल्या देशी गुरांचे कातडे सैल असते आणि त्याला घामही अधिक येतो. अंगातली उष्णता बाहेर पडायला त्याची मदत होते. एप्रिलच्या दुपारी संकरित गाय धापा टाकते तेव्हा ही सावलीला रवंथ करीत बसलेली असते. दुधाचे मात्र बेताचेच. एका वेताला सरासरी सहाशे लिटरच्या आसपास. मामा म्हणाले, “ही गाय दुधासाठी कोणी ठेवलीच न्हाई. ही गोऱ्ह्यांसाठी.” गाय म्हणजे बैलांची आई, असा तिचा मान.

बैलाचे वय दातांवरून कसे सांगतात तेही त्यांनी दाखवले. गुरांना पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, हे मला ठाऊक नव्हते. (माझ्या वर्गातल्या किती जणांना ठाऊक आहे ते विचारून पाहावे.) दुधाचे दात असतात तोवर तो ‘आदत’. अडीच-तीन वर्षांत मधले दोन पडून कायमचे आले की दोनदाती. मग चारदाती, सहादाती. पाचव्या वर्षाच्या सुमारास आठही आले की ‘जुळला’. जुळल्यावर पुढे वय सांगणे दातांच्या झिजेवरून, आणि तेथेच बाजारात फसवाफसवी होते.

हा बाजार मी लहानपणी एकदा पाहिला आहे. कंधारशेजारच्या लोहा तालुक्यात माळेगाव आहे. तेथे मार्गशीर्ष वद्यात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट आणि गावोगावचे बैल. मी आठ-नऊ वर्षांची असेन. दोन माणसे एकमेकांचा हात धरून उभी होती आणि हातांवर रुमाल टाकला होता. मला वाटले, यांना काही लागले आहे. ते रुमालाखाली बोटांनी भाव करीत होते. शेजारी उभ्या असलेल्या तिसऱ्याला आकडा कळू नये म्हणून ही रीत. सबंध बाजारात मुली अशा आम्ही दोघीच, मी आणि मामेबहीण. २०२२ साली लंपीची साथ आली तेव्हा राज्यातले गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते.

आता मूळ प्रश्न. लानोसमधली गुरे गवतावर वाढतात. मी आजवर समजत होते की आमची गुरेही माळाच्या गवतावरच वाढली. मामांनी ते खोडून काढले. “गवत चार महिन्याचं. उरलेले आठ महिने काय खावं तिनं? गाय जगते कडब्यावर.” आणि कडबा म्हणजे ज्वारी. माणसाने कणीस घ्यायचे आणि गुराला ताट द्यायचे, अशी या काळ्या रानातली वाटणी होती. ज्वारीचे पीक माणूस आणि जनावर दोघांना एकाच पेऱ्यात पोसत होते. बैल रान करी, रानात ज्वारी येई, ज्वारीचा कडबा बैल खाई. शेण पुन्हा रानात. हे चक्र फिरत होते तोवर लाल कंधारी होती. म्हणून सरांना द्यायचे माझे उत्तर अर्धेच बरोबर होते असे मी म्हटले. कंधार हे गुरांचे गाव खरे, परंतु कुरणाचे गाव नव्हे. ते ज्वारीचे गाव आहे.

हे चक्र एका दिवसात थांबले नाही. १९६४ साली सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी आली. धान्य भरपूर, पण ताट बुटके. आईची आई सांगायची की हायब्रीडच्या कडब्याला जनावर तोंड फिरवते. दुष्काळात त्या ज्वारीने माणसे जगवली, हे विसरून चालणार नाही. तरीही त्या वेळी ज्वारी होती. नंतर सोयाबीन आले आणि ज्वारीच गेली. सोयाबीनचे पैसे रोख आणि लवकर येतात, साडेतीन महिन्यांत रान मोकळे होते. दोष कोणाला द्यावा? आमच्याही घरी माझी फी सोयाबीनवरच भरली जाते. पण सोयाबीनचे भुसकट कडब्याची जागा घेत नाही. आईच्या लहानपणी मामांच्या वाड्यामागे कडब्याच्या तीन गंजी असायच्या, आज तेथे पत्र्याखाली ट्रॅक्टर उभा आहे.

ट्रॅक्टरविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. नांगरट, वखरणी, पेरणी त्याने घेतली. राहिली ती कोळपणी. उभ्या पिकाच्या दोन ओळींतून तण काढायचे तर बैल आणि कोळपे हवे, कारण बैल ओळ ओळखून पाय टाकतो. आता तेथेही तणनाशक फवारतात. ज्या बैलाला पूर्वी वर्षातून आठ-नऊ महिने काम होते, त्याला आता कसेबसे महिना-दीड महिना उरले. खायला मात्र बारा महिने लागतेच. बैलाला काम नाही म्हणजे गोऱ्ह्याला किंमत नाही, आणि गोऱ्ह्याला किंमत नाही म्हणजे त्याच्या आईला दावण नाही.

शिवाय म्हाताऱ्या जनावराचा हिशेब. राज्यात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. मार्च २०१५ पासून ती बैल आणि वळू यांनाही लागू झाली. या कायद्याच्या योग्यायोग्यतेची चर्चा मी येथे करीत नाही, तो या लेखाचा विषय नव्हे, आणि घरोघरी त्याविषयी निरनिराळे मत आहे. मामांचा हिशेब फक्त सांगते. पूर्वी बैल थकला की तो विकून नव्या जोडीचे काही पैसे उभे राहत. आता थकलेला बैल विकत कोणी घेत नाही, म्हणून नवी जोडी घेतानाच माणूस दहादा विचार करतो. ज्यांना मायेने शेवटपर्यंत सांभाळायचे आहे त्यांच्याकडे कडबा नाही.

पशुगणनेचे आकडे ग्रंथालयात पाहिले. महाराष्ट्रात २०१२ साली गाई-बैल मिळून सुमारे १ कोटी ५५ लाख होते, २०१९ साली सुमारे १ कोटी ४० लाख. देशभर त्याच काळात देशी गुरे सहा टक्क्यांनी घटली, तर संकरित आणि विदेशी एक चतुर्थांशाहून अधिक वाढली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य शासनाने देशी गाईंना ‘राज्यमाता-गोमाता’ म्हणून घोषित केले. मराठवाड्यातली म्हणून त्या निर्णयात देवणी आणि लाल कंधारी यांची नावे आहेत. त्याच सुमारास देशी गाईमागे दिवसाला पन्नास रुपयांचे अनुदानही ठरले, ते गोशाळांना. शेतकऱ्याच्या दावणीला बांधलेली गाय त्यात बसत नाही. म्हणजे आमची गाय आम्ही सांभाळली तर ती नुसती गाय.

जात टिकायची तर वळू हवा. पूर्वी गावात देवाला सोडलेला वळू असे. कोणाच्याही रानात शिरला तरी त्याला मारीत नसत, कारण सगळ्यांच्या गाई त्याच्याकडून फळत. आता कृत्रिम रेतन. गेल्या खेपेला आमची गाय माजावर आली तेव्हा बाबा तिला एका दवाखान्यात घेऊन गेले. तेथे लाल कंधारीची कांडी शिल्लक नव्हती, होलस्टीनची होती. आईने नको म्हटले म्हणून गाय तशीच परत आली. तो दिवस मला आठवतो, कारण आईने बाबांना माणसांत ‘नको’ म्हटलेले मी प्रथमच ऐकले.

लानोसकडे पुन्हा एकदा वळते, कारण तेथे मला एक विलक्षण गोष्ट सापडली. स्पॅनिश लोकांनी नेलेली गुरे युरोपातली. त्या उष्ण मुलखात ती शेकडो वर्षे टिकली. पण विसाव्या शतकात पशुपालकांना उन्हाला आणि गोचिडांना अधिक दाद न देणारे जनावर हवे झाले, आणि ते त्यांना आपल्याकडून मिळाले. अमेरिकेत गीर, कांक्रेज, नेल्लोरकडची ओंगोल आणि आपल्या सांगली भागातली कृष्णाकाठची गुरे यांच्यापासून ‘ब्राह्मण’ नावाची जात तयार केली गेली. आज लानोसच्या माळांवर तिचाच भरणा आहे. ब्राझीलमध्ये तर ओंगोल गुरांना नेल्लोर गावाच्या नावानेच ओळखतात. तेथे ती मांसासाठी पाळतात, आपल्याकडे नांगरासाठी पाळली. वशिंड मात्र एकच. वशिंडाची गुरे ओरिनोकोच्या काठी वाढत आहेत आणि मन्याडच्या काठी दावण रिकामी होत आहे, असे चित्र डोळ्यांपुढे आले तेव्हा मी वही मिटली.

भाऊबीजेच्या रात्री आईने शेवटी विषय काढला. “दादा, गाय परत नेतोस का?” मामा बराच वेळ सुपारी कातरीत राहिले. मग म्हणाले, “नेली असती गं. पण माझ्याकडं तरी कडबा कुठाय? तुझ्या दारात उपाशी, ती माझ्या दारात उपाशी.” आईने डोळ्याला पदर लावला. मामी आत गेल्या आणि पितळी डब्यातून मालदांडी ज्वारीचे बी घेऊन आल्या. उंच वाढणारी, गोड कडब्याची जुनी शाळू. अर्ध्या एकराला दोन किलो पुरते, तेवढे त्यांनी मोजून आईच्या पिशवीत घातले. भाऊबीजेच्या साडीवर ज्वारी सांडली ती आईने घरी येईपर्यंत झटकली नाही.

पेरणीला उशीर झाला होता. तरी बाबांनी विहिरीकडचा अर्धा एकर हरभऱ्यातून मोकळा ठेवला आणि ती ज्वारी पेरली. हे लिहीत असताना ती छातीएवढी झाली आहे. पाखरे राखायला सुटीच्या दिवशी मीच जाते, आणि या लेखातला बराचसा मजकूर मचाणावर लिहिला आहे. गाय दावणीलाच आहे. मामांच्या शेजारच्या गावी एक चांगला लाल कंधारी वळू आहे. तेथवर टेम्पोने गाय न्यायची तर जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर होतात आणि भाडे दुधाच्या हिशेबात बसत नाही. ती माजावर आली की काय ते ठरवू, असे बाबा म्हणतात.